घडीसाजाची वही

घड्याळांचा इतिहास लिहिणारे बहुधा दोनच प्रकारच्या माणसांविषयी लिहितात. एक, ज्यांनी घड्याळे बनवली ते. आणि दुसरे, ज्यांनी ती खिशात किंवा मनगटावर मिरवली ते. बिघडलेले घड्याळ उघडून, धुऊन, पुन्हा चालते करून देणारा एक तिसरा माणूस असतो. त्याचे नाव या पुस्तकांत सहसा येत नाही. वास्तविक बनवणाऱ्याच्या हातात घड्याळ काही महिने असते. पुढची साठ-सत्तर वर्षे ते दुरुस्त करणाऱ्याच्या भरवशावर जगते. आमच्या खापरच्या अशाच एका घडीसाजाची हिशेबाची वही सध्या आमच्याकडे आहे. ती उर्दूत लिहिलेली आहे आणि घरात उर्दू वाचणारे कोणी उरले नाही, म्हणूनच ती आमच्याकडे आली. तिच्या निमित्ताने हे लिहीत आहोत.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे गाव. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. एकीकडे सातपुडा, दुसरीकडे गुजरातची सीमा आणि पलीकडे सागबारा, डेडियापाडा. बाजाराच्या दिवशी वसावी भिली, अहिराणी, गुजराती, मराठी आणि आमची खानदेशी उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येते. या रस्त्याच्या कडेला, पानाच्या टपरीला खेटून, काचेची एक पेटी मांडून घडीवाले चाचा बसत. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारताना आम्ही कोणाला ऐकले नाही. आम्हीही इथे नाव लिहीत नाही. त्यांच्या मुलांची तशी इच्छा आहे.

आमचा आणि चाचांचा संबंध आला तो आमच्या दादांच्या घड्याळामुळे. आमचे दादा जंगलाच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. 1968 साली ते मुंबईहून मुघल लाइनच्या जहाजाने हजला गेले आणि येताना मक्केच्या बाजारातून एक घड्याळ घेऊन आले. त्या काळी आपल्याकडे परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे हजहून येणारा माणूस जमजमच्या पाण्याबरोबर घड्याळ किंवा ट्रान्झिस्टर आणी. दादांच्या घड्याळाच्या डायलवर इंग्रजीत ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ आणि त्याखाली ‘सोवार प्रिमा’ असे लिहिलेले आहे. दादा ते परदेशी घड्याळ म्हणून कौतुकाने दाखवत. आम्ही बी.एड. झाल्यावर, मुलांना सांगायला काहीतरी हवे म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की या घड्याळाचा पत्ता मुळात मुंबईचा आहे.

वेस्ट एंड वॉच कंपनीची सुरुवात 1886 साली मुंबईत झाली. नाव लंडनच्या श्रीमंत वस्तीचे, कारखाने स्वित्झर्लंडचे आणि गिऱ्हाईक हिंदुस्थानचे, असा हा व्यवहार होता. त्याआधी 1865 पासून फेवर-ल्युबा ही दुसरी स्विस पेढी मुंबईत होतीच. रेल्वे, तार, गिरण्या आणि फौज या चार गोष्टी वाढत गेल्या तशी वेळ पाहण्याची गरज वाढत गेली, आणि मुंबई हे साऱ्या हिंदुस्थानचे घड्याळांचे बंदर झाले. ‘सोवार’ म्हणजे आपलाच ‘सवार’; घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या हिंदी पलटणींत या कंपनीची घड्याळे होती. 1934 मध्ये तिने आपल्या घड्याळांत ‘इन्काब्लॉक’ नावाची धक्का सोसणारी स्प्रिंग बसवली. ही सोय सर्वात आधी वापरणारी हीच कंपनी समजली जाते. पुढे हिंदुस्थानच्या बाजाराचे दार आयात-निर्बंधांनी लागत गेले, पण इराक, इराण आणि अरबस्तानात तिचे नाव टिकले. म्हणून मुंबईत जन्मलेल्या कंपनीचे घड्याळ आमच्या दादांना मक्केत मिळाले, आणि तिथून समुद्रमार्गे मुंबईला व पुढे खापरला आले.

मुंबईत घड्याळे आली, तरी वेळ कोणाची, यावरून किती भांडणे झाली हा वेगळाच किस्सा आहे. 1878 साली पुरा झालेल्या, 280 फूट उंच राजाबाई टॉवरवरचे घड्याळ लंड अँड ब्लॉकली या पेढीचे. 1881 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजाला मद्रासची वेळ लागू केली, तर शहराने ती मनावर घेतली नाही. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणीकामगारांनी विरोध केला, आणि मुंबईच्या महापालिकेने आपली 39 मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत सोडली नाही. यात हसण्यासारखे काही नाही. भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना गणित घालतो: प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपले गाव चौऱ्याहत्तरच्या आसपास, साडेआठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे खापरच्या डोक्यावर सूर्य घड्याळातल्या बारानंतर सरासरी 34 मिनिटांनी येतो. जोहरची वेळ बाराला का सुरू होत नाही, हे मुलांना मग वेगळे सांगावे लागत नाही.

दादांच्या घड्याळाकडे परत येऊ. आम्ही चौथीत असताना त्याची चाबी निघाली. चाबीला आत एक पोलादी दांडी असते. ती गंजून तुटली होती. नंदुरबारच्या दुकानदाराने सांगितले की हा पार्ट आता येत नाही, घड्याळ ठेवून द्या. दादांनी ते घडीवाल्या चाचांना दाखवले. चाचांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “हाजीसाब, पार्ट आता नहीं तो क्या हुआ, आदमी तो है ना.” आणि चार दिवसांची मुदत मागितली.

शाळा सुटल्यावर आम्ही चारही दिवस तिथे जाऊन बसलो. चाचांनी जुन्या शिलाई मशीनची एक जाड सुई घेतली. ती चिमणीवर लाल करून सावकाश निवू दिली, म्हणजे ती कानसेला मऊ झाली. मग हाताने फिरवायच्या छोट्या लेथवर ती बारीक करत आणली. जुनी दांडी भिंगाखाली शेजारी ठेवून, मापाला सारखे लावून पाहत. एका टोकाला चार बाजू घासून चौकोन केला, मधे केसासारखी खाच पाडली, दुसऱ्या टोकाला आटे पाडले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा लाल करून तेलात बुडवली. आता ती कडक झाली, पण काचेसारखी ठिसूळ. म्हणून पितळेचा भुसा एका पत्र्यावर तापवून त्यात ती ठेवली आणि रंग बदलताना पाहत राहिले: आधी गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, आणि निळा येताक्षणी चिमट्याने उचलली. “नीला आया कि उठा लेना बेटा. एक साँस देर, और गई.” एवढेच काय ते त्यांनी समजावून सांगितले. चौथ्या दिवशी चाबी फिरली. ती आजही फिरते.

दादांच्या घड्याळात शंभराहून अधिक सुटे भाग आहेत. त्यातला एक खापरला बनलेला आहे. अशी घड्याळे जगात किती असतील? पण मग एक प्रश्न उरतोच. ज्या माणसाला एक भाग असा बनवता येतो, त्याच्या मुलखात अख्खे घड्याळ कोणी का बनवले नाही?

हा प्रश्न नवा नाही. तो आमच्या जवळच्या सुरतेतच 1689 साली एका इंग्रज पाद्र्याला पडला होता. ओव्हिंग्टन त्याचे नाव. सुरतेच्या कारागिरांच्या हातचलाखीचे त्याने कौतुक केले आहे, पण खिशातल्या घड्याळाची नक्कल करण्याच्या नादाला ते लागले नाहीत, असेही नोंदवले आहे. आणि कारण दिले आहे धुळीचे. इथली धूळ चाकांत जाऊन घड्याळे बंद पडतात, तेव्हा ती बनवून करायचे काय, असा काहीसा त्याचा तर्क. अलिगढचे इतिहासकार अहसान जान कैसर यांनी मुघलकाळात युरोपीय तंत्रज्ञानाला इथे काय प्रतिसाद मिळाला यावर 1982 साली पुस्तक लिहिले, त्यात या सगळ्याची चर्चा आहे. धुळीचे कारण आम्हाला अर्धेच पटते. धूळ खापरलाही आहे. चाचा दर घड्याळ पेट्रोलमध्ये धूत आणि वहीत ‘धूल’ असा शेरा मारत, इतकी आहे.

दुसरे कारण असे की वेळ मोजण्याची आपली सोय आधीपासून होती, आणि ती एका माणसाच्या खिशात मावणारी नव्हती. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या घड्याळाचे वर्णन करून ठेवले आहे. पाण्यावर तरंगणारी भोकाची वाटी, ती बुडाली की एक घटका, म्हणजे आपली 24 मिनिटे. आणि ती वाजवायला टांगलेली काशाची जाड थाळी. या थाळीला ‘घडियाल’ म्हणत आणि वाजवणाऱ्यांना ‘घडियाली’. आपला ‘घड्याळ’ हा शब्द त्याच घरातला. रात्री जाग आलेल्या माणसाला नुसते टोले ऐकून कितवा प्रहर चालू आहे ते कळत नसे, म्हणून बाबराने घटकांनंतर प्रहराचेही टोले द्यायला लावले. घड्याळातली बादशाही सुधारणा म्हणावी तर ही. पण ती सगळ्या शहरासाठी होती.

बनवण्याची इच्छा कोणालाच झाली नाही, असेही नाही. टिपू सुलतानाने 1786 मध्ये इस्तंबूलला वकील पाठवले, त्यांच्या कामांत बंदुका, काच आणि घड्याळे बनवणारे कारागीर मिळवून आणणे हेही होते. पुढे त्याचे तीन वकील, मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान, फ्रान्सला गेले आणि 10 ऑगस्ट 1788 रोजी व्हर्सायला सोळाव्या लुईसमोर हजर झाले. तिथेही हीच मागणी होती. आरमार आणि तोफा मागणाऱ्या सुलतानाला घड्याळजीही हवा होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी. मागितली होती घड्याळे नव्हेत, ती बनवणारी माणसे. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली, आणि 4 मे 1799 ला श्रीरंगपट्टण पडले.

टिपूच्या वकिलांनी ज्या इस्तंबूलचा दरवाजा ठोठावला, तिथे दोनशे वर्षांपूर्वी एक माणूस होऊन गेला होता. त्याची हकीकत आम्हाला वारंवार अस्वस्थ करते. तकीउद्दीन हा 1526 साली दमिश्कमध्ये जन्मलेला काझी, गणिती आणि ज्योतिर्विद. त्याने 1560 च्या जरा आधी यांत्रिक घड्याळांवर अरबीत एक ग्रंथ लिहिला. वजनावर चालणारी, कमानीवर चालणारी, टोले देणारी, ग्रहांच्या गती दाखवणारी घड्याळे कशी रचावीत, हे त्यात आहे. हे ज्ञान त्याला कसे मिळाले? तो सांगतो की वजीर अली पाशाच्या संग्रहात युरोपातून आलेली घड्याळे होती, ती त्याला तपासायला मिळाली. म्हणजे हा आलिमदेखील आमच्या चाचांसारखाच, दुसऱ्याने बनवलेली घड्याळे पाहून शिकलेला. पुढे 1577 मध्ये सुलतान तिसऱ्या मुरादने त्याच्यासाठी वेधशाळा बांधली. तिथे त्याने तास, मिनिटे आणि मिनिटाहून लहान भाग दाखवणारे तीन डायलचे घड्याळ ताऱ्यांच्या वेधासाठी वापरले. वेधशाळा चालू राहिली जेमतेम तीन वर्षे. त्याच साली दिसलेल्या धूमकेतूचे त्याने शुभ फल सांगितले होते. नंतर साथ आली, दरबारातले राजकारण आले, शेखुल इस्लामचे प्रतिकूल मत आले, आणि 22 जानेवारी 1580 ला वेधशाळा पाडून टाकण्यात आली. तकीउद्दीन 1585 मध्ये वारला.

या प्रकरणात सगळा दोष मुल्लांवर टाकून मोकळे होण्याची एक पद्धत आपल्याकडे आहे, आणि दोष द्यायचाच नाही अशी दुसरी. आम्हाला दोन्ही सोयीच्या वाटतात. वेधशाळा पाडली तरी घड्याळांचा ग्रंथ कोणी जाळला नव्हता, तो राहिलाच. पण तो हाताशी धरून घड्याळ बनवायला बसणारे शागीर्द तयार झाले नाहीत. पुढच्या शतकात इस्तंबूलच्या गलाता भागात युरोपातून आलेले घड्याळजी दुकाने थाटून बसले. फ्रेंच विचारवंत रूसोचे वडील इसाक रूसो हे 1705 ते 1711 या काळात तिथे सुलतानाच्या महालाचे घड्याळजी होते. तकीउद्दीनचा ग्रंथ छापून अभ्यासकांसमोर आला तो 1966 साली, तुर्की विदुषी सेविम तेकेली यांच्या हातून. किताब होती, उस्ताद गेला होता, शागीर्द नव्हता.

आता याची दुसरी बाजू पाहू. अब्राहम-लुई ब्रेगे हा 1747 मध्ये न्यूशातेलला जन्मलेला आणि पॅरिसमध्ये स्वतःच्या कारखान्यात काम केलेला घड्याळजी. नेपोलियनच्या बहिणीने, नेपल्सची राणी कारोलिन म्यूराने, 8 जून 1810 रोजी त्याच्याकडे एक चमत्कारिक मागणी केली: घड्याळ खिशात नको, मनगटावर बांधता आले पाहिजे. ते घड्याळ 1812 च्या डिसेंबरात पुरे झाले. क्रमांक 2639. लांबट आकाराचे, अतिशय पातळ, टोले देणारे, केस आणि सोन्याच्या तारा गुंफलेल्या पट्ट्यावर बसवलेले. मुद्दाम मनगटासाठी बनवलेले, ज्याची नोंद सापडते असे हे पहिले घड्याळ मानतात. याहून दुर्मीळ मनगटी घड्याळ कोणते सांगणार, कारण ते आज अस्तित्वात आहे की नाही हेच कोणाला ठाऊक नाही. ते हरवले आहे.

मग हा एवढा तपशील कळला कुठून? ब्रेगेच्या वह्यांतून. त्याच्या पेढीत प्रत्येक घड्याळाची नोंद होत असे आणि त्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. या एका घड्याळावर 34 वेगवेगळी कामे झाली आणि ती 17 माणसांनी केली, हेही त्यांत आहे. पुढे दुरुस्तीच्या वहीत ते घड्याळ पुन्हा भेटते: 1849 मध्ये राणीच्या मुलीने ते दुरुस्तीला पाठवले, 1855 मध्ये पुन्हा पाठवले. त्यानंतर त्याचा माग लागत नाही. म्हणजे जगातल्या पहिल्या मनगटी घड्याळाचा शेवटचा पुरावा हा दुरुस्तीची नोंद आहे! हे आम्ही वाचले त्या रात्री चाचांच्या वहीला खाकी कागदाचे कव्हर घातले.

त्या 34 कामांची गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. घड्याळ बनवणे हा एका माणसाचा धंदा कधीच नव्हता. डायल वेगळा माणूस करी, काटे वेगळा, कमान वेगळा, केस वेगळा. विसाव्या शतकात इंग्लंडमधल्या एका माणसाच्या डोक्यात आले की हे सगळे एकट्याने करून पाहावे. जॉर्ज डॅनियल्स, जन्म 1926, घरची अत्यंत गरिबी. तोही सुरुवातीला घड्याळे दुरुस्त करणाराच. जुनी, नामांकित घड्याळे, त्यातही ब्रेगेची, दुरुस्त करता करता शिकला. घड्याळाच्या कामात 34 कसबे मानली तर त्यातली 32 याच्या हातात होती, असे म्हणतात. एकट्याने संपूर्ण बनवलेली त्याची घड्याळे तीसच्या आतली. त्याने शोधलेली ‘को-अॅक्शियल’ नावाची रचना, ज्यात घासणे कमी आणि म्हणून तेलाची गरज कमी, 1999 पासून ओमेगा कंपनीच्या घड्याळांत आली. तेल सुकणे हेच घड्याळाचे खरे दुखणे आहे, हे ज्याने हजार घड्याळे उघडली त्यालाच सुचू शकते. चाचाही म्हणत, “घडी नहीं रुकती, तेल रुकता है.”

पण आम्हा शिक्षकांना डॅनियल्सची महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्याचे पुस्तक. घड्याळ कसे बनवावे हे त्याने पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत लिहून 1981 मध्ये प्रसिद्ध केले. रॉजर स्मिथ नावाच्या तरुणाने ते वाचून घरी एक घड्याळ बनवले आणि उस्तादाला दाखवायला नेले. डॅनियल्सने ते नापास केले. हाताने बनवले आहे हे दिसते आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे हाताच्या खुणा दिसता कामा नयेत! स्मिथ घरी परतला आणि पाच वर्षांहून अधिक काळ दुसरे घड्याळ बनवत बसला. ते नेले तेव्हा डॅनियल्सने एकेका भागावर बोट ठेवून विचारले, हा कोणी केला, हा कोणी केला. सगळ्याचे उत्तर एकच आले, आणि मग त्याने त्याला घड्याळजी म्हणून मान्यता दिली. आइल ऑफ मॅन या बेटावर स्मिथने पुढे त्याच्या हाताखाली काम केले. डॅनियल्स 2011 मध्ये वारला. स्मिथचे ते दुसरे घड्याळ जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 49 लाख डॉलरना गेले. पैशांचे सोडा, बी.एड.च्या दोन्ही सत्रांत मूल्यमापनावर आम्ही जेवढे ऐकले, त्यापेक्षा त्या नापासात जास्त आहे.

आपल्याकडे घड्याळे बनू लागली ती 1961 पासून, टिपूच्या राजधानीपासून फार दूर नसलेल्या बंगळूरला. सरकारी एचएमटी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने कारखाना काढला. पुढे श्रीनगरलाही काढला. ‘जनता’ नावाच्या चाबीच्या घड्याळाने सातपुड्यातल्या मास्तरांच्या, तलाठ्यांच्या आणि एसटी कंडक्टरांच्या मनगटावर जागा मिळवली. लग्नात जावयाला एचएमटी हा आमच्याकडे रिवाजच झाला. पण 1969 मध्ये जपानमध्ये सेलवरचे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आले होते, आणि 1987 पासून टायटनने तो वारा आपल्याकडेही आणला. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी 2016 मध्ये घेतला. चाचांचा धंदा त्याआधीच बसला होता. सेल बदलायला उस्ताद लागत नाही.

चाचांची वही 1971 ते 2009 या काळातली आहे. पाने पिवळी, शाई निळी, हिशेब उजवीकडून डावीकडे. प्रत्येक ओळीत गाव, माणसाची ओळख, घड्याळ, दुखणे, पैसे. ‘मोलगी, मास्टर, एचएमटी, कमान टूटी.’ ‘सागबारा, कंडक्टर, पानी गया.’ ‘तळोदा, दूल्हा, काँच.’ नावे फार थोडी; माणूस त्याच्या कामावरून ओळखायचा. पावसाळ्यात ‘पानी’ आणि ‘जंग’ वाढते, उन्हाळ्यात ‘धूल’. रमजानच्या आधीच्या दिवसांत घड्याळे धुऊन घेणाऱ्यांची गर्दी दिसते, कारण सेहरीला पाच मिनिटांची चूकही महागात पडते. नव्वदनंतर ‘सेल’ हा शब्द येऊ लागतो. 2000 नंतर पानेच्या पाने ‘सेल, पट्टा, सेल, पट्टा’ आहेत. अक्कलकुव्याच्या भोवतालच्या पन्नास गावांत घड्याळ कोणाकडे केव्हा आले, हे सांगणारा दुसरा कागद आम्हाला माहीत नाही. गॅझेटियरमध्ये हे सापडणार नाही.

मात्र या वहीत एक गोष्ट नाही. कोणते काम कसे केले, याची एक ओळही नाही. आम्ही डी.एड. करत असताना एकदा चाचांना म्हटले होते, “चाचा, ये सब लिख के रखो ना, हम साफ कर देंगे.” ते हसले. “लिखने की क्या बात है मास्टर, बैठ जाओ, सीख लो.” आम्ही बसलो नाही. लहानपणी बसलो होतो ते चार दिवस, पाचव्या दिवशी अब्बांनी बाजारात पाहिले आणि घरी आल्यावर विचारले, “शिकून घडीवाला होणार आहेस का?” त्यात तिरस्कार नव्हता, भीती होती. आपली मुले हातकाम करतात आणि शाळा सोडतात, हे त्यांनी भोवताली पाहिले होते; आम्ही पुस्तकाकडे जावे एवढीच त्यांची इच्छा. आम्ही गेलो, नोकरी लागली, त्यांना समाधान मिळाले. पण घरात इल्म म्हणजे किताब आणि हुनर म्हणजे पोट, अशी भिंत उभी होती, आणि ती पाडण्याइतके शिक्षण झाल्यावरही आम्ही त्या पेटीपाशी वही-पेन घेऊन बसलो नाही. चाचा 2011 मध्ये गेले, डॅनियल्स गेला त्याच वर्षी. मुलगा मोबाइलचे दुकान चालवतो. तोही दुरुस्तीच करतो, भिंगही तेच आहे. दांडीचे काम मात्र त्याला येत नाही, कारण त्यालाही चाचांनी शाळेत घातले होते.

आमच्या घड्याळाची नोंद आम्ही मागच्या रमजानमध्ये शोधून काढली. ‘हाजीसाब, खापर, सोवार. चाबी की डंडी नई, सुई की. पैसे नहीं लिए.’ आठवीच्या वर्गात ते पान वाचून दाखवले. एका मुलीने विचारले, “सर, सुई की डंडी कैसे बनती?” चार दिवसांचे जेवढे आठवत होते तेवढे फळ्यावर लिहिले: लाल करणे, निववणे, घासणे, पुन्हा लाल, तेल, मग पितळेचा भुसा आणि निळा रंग. मुलांना ते पाहायचे होते. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर आम्ही शिलाई मशीनची सुई धरली. तेलात बुडवण्यापर्यंत सगळे जमले. पितळेच्या भुशात ठेवली, पिवळा आला, तांबूस आला, जांभळा आला, आणि निळा कधी येऊन गेला ते कोणालाच कळले नाही; सुई राखाडी झाली आणि चिमट्यात वाकली. मुलीने वहीत वेळ टिपून ठेवली होती, ती दोनदा खोडून तिने पुन्हा लिहिली. मग एका मुलाला दोन रुपये देऊन दुसरी सुई आणायला पाठवले.